खाटेच्या उंचीचं पाणी

साड्या आल्या तेव्हा आमच्या गल्लीतला चिखल अजून निघायचा होता. टेम्पो कोपऱ्यावर थांबला, माईकवर कुणीतरी ‘पूरग्रस्त भगिनींनी रांगेत यावं’ असं आधी गुजरातीत आणि मग हिंदीत सांगितलं, आणि आम्ही फावडी-झाडू भिंतीला टेकवून रांगेत जाऊन उभ्या राहिलो. का गेलो हे मला विचारू नका. फुकट म्हटलं की पाय आपोआप चालायला लागतात. शिवाय त्या आठवड्यात अंगावरचं सोडून कोरडं लुगडं म्हणून कुणाकडे नव्हतं.

घरी येऊन घडी मोडली. झिरझिरीत पॉलिएस्टर, आणि पदरावर वीतभर मोठे दोन चेहरे. एक आमचा नगरसेवक, हात जोडलेला. दुसरे महाराज, आशीर्वादाचा हात वर केलेले. मी पंचवीस वर्षं इथे गुजरातेत, उधन्यात राहून घरी साड्यांना टिकल्या लावते, लेस शिवते. साडीतलं मला कळतं. ही साडी नेसली की नगरसेवक पाठीवर यायचा आणि महाराज गुडघ्यामागे लोंबायचे. ज्याने ती छापून घेतली त्याच्या घरात बाईमाणूस नसावं.

हे महाराज कोण तर खाडीच्या काठावर ज्यांचं सत्संग भवन उभं राहत होतं ते. आमची खाडी म्हणजे समुद्राची नव्हे, शहरातून वाहत जाणारा मोठा नाला. पण पावसाळ्यात वरच्या गावांचं सगळं पाणी तीच वाहून नेते. भवनासाठी जागा कमी पडत होती म्हणून वर्षभर ट्रक येऊन खाडीत भराव टाकत होते. खाडी अर्धी झाली. ते सगळ्यांनी पाहिलं. बोललं कुणी नाही, कारण एका बाजूला देवाचं काम होतं आणि दुसऱ्या बाजूला आपला माणूस. नगरसेवक खानदेशातलाच, आमच्याशी अहिराणीत बोलणारा. त्याच्यासाठी मीही बोटाला शाई लावून घेतली होती.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं, ती.

माझ्या भिंतीला भिंत लागून जी शेजारीण राहते, ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत साड्यांच्या पॅकिंगच्या कामावर जाते. तिचा नवरा लूम चालवायचा, पण दोन वर्षांपूर्वी लकवा झाला आणि डावी बाजू गेली. दिवसभर लोखंडी खाटेवर पडून असायचा. सकाळी कुलूप न लावता ती निघायची आणि माझ्या दारातून म्हणायची, “ताई, ध्यान ठेवजो.” मी ठेवायची. चहा द्यायची, कूस बदलून द्यायची, आणि त्याच्या त्या अर्ध्या तोंडाच्या बोलण्यातून गल्लीच्या बातम्या ऐकायची. पडल्या पडल्या त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायचं.

त्या दिवशी ती कामाला गेल्यावर तासाभरात पाणी गल्लीत आलं. दर वर्षी घोटाभर येतं तसंच असेल असं वाटलं. मग ते गुडघ्याला लागलं. मी त्याच्या खोलीत गेले आणि खाटेच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या. एकेक कोपरा उचलताना तो उजव्या हाताने खिडकीचे गज धरून आपला भार स्वतःकडे ओढत होता, मला हलकं जावं म्हणून. विटा बसल्यावर म्हणाला, “तू जाय ताई, तुनं घर देख.”

मी गेले. गव्हाची कोठी माळ्यावर चढवली, टीव्ही चढवला, गादी चढवली. तेवढ्यात वरून एकदम लोंढा आला. परत धावले तर त्याचं दार उघडेना. आत कपाट आडवं होऊन दाराला लागलं होतं. मी हाका मारल्या. पहिल्या दोन हाकांना आतून ओ आली. मी समोरच्या इमारतीतली माणसं आणायला गेले, छातीभर पाण्यातून जायला आणि यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. दार फोडून आत गेलो तेव्हा खाट पाण्याखाली होती.

मला माझा अजून राग येतो. दोन विटा ठेवून मी समाधान मानलं, आणि गादी वाचवली.

दवाखान्यातल्या कागदावर हृदय बंद पडून मृत्यू असं लिहून आलं. चौथ्या दिवशी नगरसेवक टीव्हीवर म्हणाला, आमच्या वॉर्डात पाण्यामुळे एकही माणूस दगावलेला नाही, ही महाराजांची कृपा. शेजारीण माझ्याच घरात बसून ते पाहत होती. “मना माणूसनं हृदय चांगलं व्हतं,” ती म्हणाली. “हात गया, पाय गया, पन हृदय चांगलं व्हतं.” तेवढंच. त्यानंतर ती तीनदा वॉर्ड ऑफिसात गेली. तिला दुसरं काही नको होतं. तो बुडून गेला, हे कुणीतरी अधिकाराच्या माणसाने मान्य करावं, एवढंच हवं होतं. तिन्ही वेळा तिला बाहेर बसवून ठेवलं आणि ऑफिस बंद झालं.

साड्या आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती आपली साडी घेऊन माझ्याकडे आली आणि पायपुसणी कर म्हणाली. मी घाबरले. कोणी पाहिलं तर महागात पडलं असतं. पण तोंडातून निघून गेलं, “पायपुसणी नको. गोधडी करू.”

गोधडी आम्हाला लहानपणापासून येते, त्यात कला आहे असं कुणी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. जुन्या साड्यांचे थर अंथरायचे, वर तुकड्यांची नक्षी लावायची, आणि काठापासून काठापर्यंत धावदोऱ्याच्या ओळी घालत जायच्या. ओळ मध्ये तोडता येत नाही. एक जागा सोडली की आतले थर सरकतात आणि तिथे गोळा होतो. तेव्हा वरच्या कापडावर फूल असो, वाघ असो की माणूस असो, सुई त्यातून जाणारच. हे लक्षात ठेवा, पुढे यावरूनच सगळं पेटलं.

गल्लीतल्या नऊ बायकांनी आपापले पदर दिले. आठवडाभर दुपारी माझ्या खोलीत बसून आम्ही शिवलं. शेजारणीने सुतळीचा एक तुकडा आणला होता. तिच्या भिंतीवर पाण्याचा तपकिरी डाग होता. जमिनीपासून त्या डागापर्यंतची उंची तिने सुतळीवर गाठ मारून घेतली होती. मी ती गाठ गोधडीच्या खालच्या काठापासून लावली आणि खडूची रेघ ओढली. मग अठरा चेहरे असे बसवले की रेघ प्रत्येकाच्या बरोबर नाकावरून जाईल. त्या रेघेखाली आम्ही निळ्या दोऱ्याने भरगच्च शिवलं, ओळीला ओळ लावून, तोंडं, हनुवट्या, जोडलेले हात, सगळं निळ्यात गेलं. वर फक्त डोळे राहिले. शिवताना आम्ही खूप हसलो, ते खोटं कशाला सांगू? एक जण म्हणाली, नगरसेवकाला पोहता येत असेल का गं? शेजारीणही हसली. पाण्यानंतर पहिल्यांदा.

भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आम्ही गोधडी खाडीच्या पुलाच्या कठड्यावर वाळत घातली. पुरानंतर पूर्ण मोहल्ल्याच्या गोधड्या तिथेच वाळत होत्या, त्यामुळे कुणी हटकलं नाही. खालचा काठ बरोबर जमिनीला टेकवला. मिरवणूक आली. बँड, घोडे, फुलांनी मढवलेल्या जीपमध्ये महाराज आणि शेजारी नगरसेवक. पुलावर गर्दीमुळे जीप थांबली ती नेमकी तिथे. मी दहा हातांवर उभी होते. नगरसेवकाने आधी स्वतःचा चेहरा ओळखला आणि खूश होऊन बोट दाखवलं. मग त्याचं बोट हवेतच राहिलं. लोक मोबाईल काढू लागले. बँड वाजतच होता. मला आनंद झाला. 

संध्याकाळपर्यंत भवनातल्या दोन पोरांनी येऊन गोधडी ओढून नेली, आणि तोपर्यंत तिचा व्हिडिओ शहराबाहेर कडोदऱ्यापर्यंत पोचला होता. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून वेगळीच अफवा सुरू झाली. उधन्यातल्या बायकांनी महाराजांच्या तोंडात सुया टोचल्या. नाकातोंडात, अठरा वेळा, मंत्र म्हणून. महाराजांना त्याच दिवशी ताप आला म्हणे. ज्या बायकांनी पदर दिले होते त्यातल्या दोघींनी माझ्याकडे यायचं सोडलं. एकीने तर निरोप पाठवला की माझी साडी तू न विचारता घेतलीस असं सांग. दूधवाला दारात थांबेना. गल्लीच्या तोंडाशी रोज सात-आठ जण बाईक लावून बसू लागले. नुसते माझ्या दाराकडे पाहत होते. मी पाणी भरायला निघाले की एक जण हॉर्न वाजवायचा. तो आवाज आला की मी मुद्दाम हळू चालायची. माझा स्वभाव असा वाकडा आहे.

चौथ्या दिवशी माझ्या नवऱ्याला लूमच्या खात्यावरून, म्हणजे कारखान्यातून, परत पाठवलं. शेठ महाराजांचा भक्त. मिटवा आणि मग या, असं म्हणाला. नवरा घरी येऊन बूट काढून बसला. तो चिडला असता तर मी भांडले असते. पण तो एवढंच म्हणाला, “काय बोलाचं ते तू ठरव. मी तुले काही सांगत नही.” त्याने मला आणखीच अवघड जागी आणून सोडलं.

पाचव्या दिवशी नगरसेवक स्वतः आला. जमिनीवर बसला, पाणी मागून प्यायला. “वैनी, मी तुमनाच माणूस शे ना? असं कसं करं तुम्ही?” त्याच्या आवाजात खरोखर दुखल्यासारखं काहीतरी होतं. मग फोन आला, त्यावर तो गुजरातीत बोलला, आणि फोन ठेवल्यावर आवाज बदलला होता. जादूटोण्याची तक्रार लिहून तयार आहे, भावना दुखावल्याची तयार आहे, महाराज मोठ्या मनाचे म्हणून थांबलेत. रविवारी भवनात सगळ्यांसमोर यायचं, महाराज एक प्रश्न विचारतील, त्याचं नीट उत्तर द्यायचं. नीट म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही आणि मला कळलं.

शेजारीण भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. तो गेल्यावर आली आणि मला म्हणाली, “ताई, मी येस तुनासंगे.” माझ्यासाठी काय बोलू नको, असं ती म्हणाली नाही. बोल, असंही म्हणाली नाही. दोन्हीपैकी एक म्हणाली असती तर बरं झालं असतं.

रविवारी भवनात दोनेक हजार माणसं असतील. नव्या रंगाचा वास येत होता, पंखे जोरात फिरत होते. आम्हा दोघींना पुढे, मंचासमोरच्या सतरंजीवर बसवलं. बाकीच्या बायका आल्याच नाहीत. गोधडी मंचाच्या मागे दोरीवर टांगली होती. एवढ्या मोठ्या जागेत ती लहान दिसत होती, पण मला सांगायलाच हवं, चांगली दिसत होती. टाके सरळ होते.

महाराज आले. मला वाटलं होतं डोळे वटारतील. ते हसले. त्यांनी माईक घेऊन अगदी मऊ आवाजात विचारलं, “माताजी, ये नीली लकीर क्या है? कोई कहता है जादू है, कोई कहता है अपमान है। मैं कहता हूँ, माँ के हाथ की डिज़ाइन है। ठीक है ना?”

एका पोराने माईक माझ्या तोंडाशी धरला. सुटकेचं दार महाराजांनीच उघडून दिलं होतं. मला फक्त बाहेर पडायचं होतं. नवऱ्याचे घरी काढून ठेवलेले बूट डोळ्यांपुढे आले. बाईकवरची माणसं भिंतीला टेकून उभी होती, ती दिसली. शेजारीण माझ्या डाव्या बाजूला होती, तिच्याकडे मी पाहिलं नाही.

“डिझाईन आहे, महाराज,” मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. जयजयकार झाला. नगरसेवकाने दोन्ही हात वर करून लोकांना गप्प केलं आणि जाहीर केलं की पूरग्रस्त भगिनींनी ही गोधडी प्रेमाने महाराजांच्या चरणी अर्पण केली आहे. हे मला माहीत नव्हतं. दोघांनी ती दोरीवरून उतरवली, आडवी घडी घातली आणि महाराजांच्या गादीवर अंथरली. निळा भाग वर आला. महाराजांनी उपरणं सावरलं, पाठ वळवली आणि गुडघे वाकवले.

शेजारीण माझ्या कानाशी बोलली. आवाजात रडू नव्हतं, तक्रार नव्हती, समोर दिसतंय तेच ती सांगत होती.

“ताई, तो मना माणूसवर बठी ऱ्हायना.”

मी उभी राहिले. मी ठरवून उभी राहिले असं लिहिलं तर ते खोटं होईल. अंग उठलं. “बसू नका,” मी ओरडले, आणि मराठीतून कळलं नसेल म्हणून पुन्हा, “मत बैठिए, महाराज. पानी है वो.”

ते अर्धे वाकलेले तसेच थांबले. नगरसेवक मंचाच्या काठाशी आला आणि दात आवळून म्हणाला, “वैनी, खाले बठ.” मी बसले नाही. तोडक्या हिंदीत, मधेच मराठीत, मी सगळं बोलले. ही डिझाईन नाही, मी आत्ता खोटं बोलले. ही पाण्याची उंची आहे, सुतळीने मोजलेली. खाडीत भराव टाकला म्हणून पाणी एवढं आलं, आणि ज्या भवनात आपण बसलोय ते त्याच भरावावर आहे. एक माणूस खाटेवर होता, त्याला उठता येत नव्हतं. मी खाटेखाली दोन विटा ठेवल्या आणि माझी गादी वाचवायला गेले. हे शेवटचं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, शेजारणीलाही नाही. ते मी दोन हजार लोकांसमोर सांगितलं.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. कागद बदलला नाही. त्यावर अजून हृदयच बंद पडलेलं आहे. नवऱ्याने दुसरं खातं शोधलं. तक्रार झाली, आणि तारखा चालू आहेत. गोधडी पोलिसांकडे जमा आहे.

पण त्या दिवशी, माझं बोलून झाल्यावर, भवनातले सगळे महाराजांकडे पाहू लागले. महाराज सरळ उभे राहिले. त्यांनी माईकशिवाय, जरा गोंधळून विचारलं, “कौन था वो आदमी?”

शेजारीण उठली. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. लग्नात उखाण्यात घेते तेवढंच. एरवी ‘आमचे’ नाहीतर ‘यांचे पप्पा’. वॉर्ड ऑफिसात तिन्ही वेळा नाव विचारलं तेव्हा तिने कागद पुढे केला होता. मला वाटलं आताही कागद काढेल. तिने पदर डोक्यावर ओढला, दोन्ही हात बाजूला सोडले आणि त्याचं नाव घेतलं. मग त्याच्या बापाचं, मग आडनाव, मग गावाचं आणि तालुक्याचं. त्यानंतर म्हणाली, “पाणीमा बुडीसन मरना.”

नगरसेवकाने माईक बंद करा म्हणून हात हलवला. तिच्या हातात माईक नव्हता.